टाकळ्याची बढती

टाकळा कोणी पेरत नाही. मृगाची एक सर पडली की तो आपणहून कामावर हजर होतो. शहापूरच्या एसटी स्टँडची मागची बाजू, मुरबाड रस्त्याकडेचे मुरमाचे ढीग, शाळेचं मैदान, उकिरडा, भूमिपूजन होऊन वर्षानुवर्षं तशीच पडलेली समाजमंदिराची जागा. यातली कुठलीच जागा त्याला आपल्या इभ्रतीला कमी वाटत नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आणि गुरांनी नाकारलेला पाला माणसाच्या ताटात आला, म्हणजे त्या घरात काहीतरी अडचण असणार, असा आमच्याकडे पूर्वी साधा हिशेब होता. त्यात टाकळ्याला शिजताना उग्र वास. आषाढात कणगीतलं भात तळाला गेलं, की ती बातमी चुलीवरच्या टाकळ्यामार्फत आधी शेजाऱ्यांना कळायची, घरधन्याला नंतर.

तोच टाकळा आता ओल्या फडक्यात गुंडाळून, सकाळच्या आसनगाव लोकलने डोंबिवलीला जातो. तिथे पहाटे पळायला जाणारी मंडळी त्याची वाट बघत असतात. लोह, कॅल्शियम, तंतू अशा पदव्या त्याला लागल्या आहेत. ज्यांच्या आजोबांनी टाकळ्याला कंटाळून गाव सोडलं आणि गिरणीत नोकरी धरली, ते नातू आता दहा रुपयांच्या वाट्यावर आणखी चार काड्या टाकून घेण्यासाठी स्टेशनबाहेर हुज्जत घालतात.

आमच्या भाचीची गोष्ट सांगतो. तिच्या आजीने तिला टाकळा खाऊ घालण्यासाठी काय काय केलं! थालीपिठात लपवला, डाळीत बुडवला, वर खोबरं पेरलं. पोरगी ताट सरकवायची. पुढे तिला कोरियन मालिकांचं वेड लागलं. एके दिवशी तिला कुठून तरी कळलं की कोरियात आणि जपानात टाकळ्याच्या नाहीतर त्याच्या सख्ख्या भावकीतल्या झाडाच्या बिया भाजून त्यांचा चहा करतात आणि लोक तो आवडीने पितात. ही गोष्ट खरी आहे. आपल्याकडेही या बिया भाजून कॉफीऐवजी वापरायची पद्धत जुनी आहे. पण आजीने सांगितली असती तर ती अडाणीपणात जमा झाली असती. भाची धावत आली. "मामा, ही वनस्पती आपल्याकडे मिळते का?" तेव्हा ती टाकळ्यातच उभी होती. घोट्यापर्यंत.

इथली वस्तू मुंबईला जाऊन आली की तिला मान मिळतो, याचा अनुभव आम्हाला 1892 पासून आहे. त्या साली शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पूर्ण झालं आणि आमचं पाणी नळातून मुंबईला जाऊ लागलं. पुढे मोडकसागर झालं, भातसा झालं, 2014 साली मध्य वैतरणा झालं. मुंबईत पाऊस लांबला की वर्तमानपत्रांत आमच्या तलावांची पातळी रोज छापून येते. आमच्या पाड्यांवरचा टँकर मात्र आला की नाही, हे बघायला रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागतं. पण 1892 ची मौज एवढ्यावर संपत नाही. त्याच साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांवर कायदा केला आणि ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत ती गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आणली. घरोघरी फुलं असली की घरोघरी दारू होते आणि अबकारीचं उत्पन्न बुडतं, ही सरकारची चिंता. म्हणजे एकाच वर्षात पाणी मुंबईने नेलं आणि पाण्याला जो पर्याय होता तो सरकारने.

खरं तर मोह हे आधी अन्न आहे. चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. वाळवलेली फुलं शिजवून खातात, भाकरीच्या पिठात घालतात, भाजून कुटून तिळाबरोबर लाडू वळतात. साखर त्यात भरपूर, म्हणून पावसाळ्यातल्या पडत्या दिवसांत अंगात ताकद राहायची. बियांचं तेल निघतं ते वेगळं. फुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं राज्य सरकारने 2021 साली उठवली, आणि आता बचत गटांच्या स्टॉलवर मोहाचे लाडू उघड मिळतात. विकणाऱ्या ताई त्यातलं लोह सांगत असतात. घेणारे साहेब इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून विचारतात, "चढत नाही ना?" ताई "नाही" म्हणाल्या की त्यांचा चेहरा उतरतो. दोन घ्यायला आलेले एकच घेऊन जातात.

मुरबाडच्या बाजूला सध्या आणखी एक पीक जोरात आहे. फार्महाऊस. टोकावड्याच्या वाटेवर डोंगराकडे तोंड करून बांधलेले बंगले, बाहेर पाटी, आत हिरवळ. अशा एका बंगल्याचे शेठ दर शनिवारी ठाण्याहून येतात. प्रकृतीला जपणारे गृहस्थ. गाडीतून उतरताना त्यांच्या हातात शेवग्याच्या पाल्याच्या पुडीचा डबा असतो, आणि ज्या झाडाखाली ते गाडी लावतात तो शेवगा आहे. श्रावणातल्या एका शनिवारी त्यांनी राखणदारमामांना हाक मारली. हिरवळीत गवत माजलं होतं.

"हे सगळं काढून टाका. फवारणीच करा ना एकदा."

"शेठ, यो टाकला. ह्यो कुर्डू. ती बारीक लाल देठाची घोल. भाजी हाये ही सगली."

"भाजी असेल हो, पण लॉनमध्ये नको."

मामांनी सांगितल्याप्रमाणे फवारणी केली. पुढच्या आठवड्यात शेठ कल्याणला भरलेल्या कुठल्याशा प्रदर्शनात जाऊन घोळ घेऊन आले आणि तिचं कौतुक मामांनाच ऐकवलं: हिच्यात ओमेगा-तीन असतं, एरवी ते माशांत असतं, पाल्यात असं सापडणं दुर्मीळ. हेही खरंच आहे. मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेठ, माशांवर पन फवारनी करायची का?"

शेठना एकट्यांना कशाला बोल लावा? भाताची बेणणी करताना जे उपटून बांधावर फेकायचं, त्या तणांच्या यादीत कुर्डू आहे, घोळ आहे, रानमाठ आहे. बांधावर फेकलं की तण, तिथून उचलून फडक्यात बांधलं की भाजी. एवढीच बढतीची पायरी, आणि ती चढवायला एका म्हातारीचे दोन हात पुरतात.

आता आहारतज्ज्ञांकडे येऊ. आमच्याकडे अलीकडे कोणाचंही रक्त तपासलं की त्यात काहीतरी कमी निघतंच. पूर्वी "अशक्तपणा" एवढ्या एका शब्दावर सगळ्यांचं भागायचं. आता हिमोग्लोबिन, बी-बारा, ड जीवनसत्त्व असं खातेनिहाय कळतं आणि सोबत छापील तक्ता मिळतो. तक्त्यावर लिहिलेलं असतं: पौष्टिक पालेभाज्यांचा रोजच्या आहारात समावेश करा. सगळी गंमत त्या "रोजच्या"त आहे. कारण रानाला रोज ही गोष्ट मान्यच नाही.

रानाचं कसं आहे, तिथे प्रत्येकाची पाळी ठरलेली. उन्हाळ्यात कुड्याची फुलं. वळवाने माती भिजवली की शेवळं. मग टाकळा, कोरल, भारंगी, फोडशी. लावणी उरकता उरकता कवळा आणि कुर्डू. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, ऐन पावसात. वारुळावरची अळंबी एखाद्या पहाटे उगवते आणि तुम्ही चहा पिऊन निघेपर्यंत दुसऱ्याच्या टोपलीत गेलेली असते. श्रावणात कंटोली, जिचा भाव ऐकून सामिष मंडळींना कोंबडी स्वस्त वाटते आणि ते कोंबडीच घेऊन घरी जातात. पुढे चाईचा मोहर, थंडीत करांदे आणि कंद. कोणी आठ दिवस राहतं, कोणी महिनाभर. टाकळा कोवळा असेल तोवरच भाजी. थोडा जून झाला की तो चावणाऱ्याशी भांडतो. कित्येक पाड्यांवर पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत, म्हणजे सुरुवातही आपल्या मर्जीने नाही आणि शेवटही नाही.

शहरातून आलेल्या माणसाला हे पचत नाही, भाजी पचते. सरळगावच्या बाजारात एका सुशिक्षित जोडप्याचं आणि एका ठाकरीण बाईचं बोलणं मी ऐकलं आहे. नाताळची सुट्टी चालू होती.

"मावशी, शेवळं नाहीत का?"

"शेवलं आता कुठली? पावसाला."

"नेमकी कधी? तारीख?"

"पाऊस येल तवा."

"पण अंदाजे?"

बाईने आभाळाकडे बघितलं. डिसेंबरचं निळंभोर आभाळ. मग त्या बाईसाहेबांकडे बघितलं, आणि अगदी मायेने म्हणाली, "बाय, त्याचा फोन नंबर नाय माझ्याकडं."

शेवळं या विषयावर थोडं थांबायलाच हवं, कारण रानभाज्यांत एवढी मिजास दुसऱ्या कोणाला नाही. सुरणाच्या कुळातला हा जांभळट-तपकिरी कोंब जमिनीतून सरळ वर येतो. ठाणे-रायगडची कायस्थ प्रभू मंडळी त्याच्यासाठी जीव टाकतात. कोलंबी घालून, सोडे घालून, खिमा घालून ते शेवळं करतात आणि जूनमध्ये दादर-ठाण्याच्या बाजारात त्यांच्यातली वडीलधारी माणसं ज्या नजरेने शेवळं पारखतात, त्या नजरेने त्यांनी जावईही पारखलेले नसतात. पण शेवळं खाजरं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. म्हणून वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, आणि भाजीत काकडाची आंबट फळं ठेचून त्यांचा रस घालायचा. काकड नसेल तर चिंच, पण जाणकार काकडाशिवाय शेवळ्याला हात लावत नाहीत. विकणारी बाई वाट्यावर मूठभर काकडं टाकते ती फुकट म्हणून टाकत नाही. ती औषधाची चिठ्ठी आहे.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने ती काकडं "हे काय कच्चं, आंबट" म्हणून बाजूला काढली आणि शेवळं चिरून, ऑलिव्ह तेलात परतून, वर मिरपूड भुरभुरून, फोटो काढून खाल्ली. फोटो छान आला होता. पुढचे चार तास तो कोणाशी बोलू शकला नाही. त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी बाजारात येऊन त्या बाईला विचारलं, "मावशी, ती काकडं न घालता आणखी कुठकुठल्या भाज्या करता येतात?" बाईला प्रश्न कळला नाही. मला कळला.

रानातलं सगळं नैसर्गिक, म्हणून सगळं निर्धोक, हा समज फक्त पक्क्या रस्त्याने रानात येणाऱ्यांचा असतो. पाड्यावरच्या लोकांचा रानावर असा आंधळा विश्वास नाही. कडू कंद ते चिरतात, उकडतात, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात, कडूपणा गेला का ते बघतात आणि मग मीठ लावून खातात. अळंबीच्या बाबतीत तर जाणती बाई एक बघून उचलते आणि शेजारचं तसंच दिसणारं सोडून देते. का सोडलं विचारलं तर "ती आपली नाय" एवढंच सांगते. तिच्या आजीने तिला तेवढंच सांगितलेलं असतं, आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहिल्या. फोनमधलं ॲप फोटोवरून नाव सांगतं हे खरं. पण चुकलं तर जेवणारे आपण असतो, ॲप नाही.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, प्रकरण मात्र वेगळं. ती बिचारी पेरावी लागते, आणि तीही वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर, जिथे भाताने यायला नकार दिला आहे तिथे. म्हणून तिचा मान दुय्यम. आमच्याकडे पाहुण्यांपुढे तांदळाची पांढरी भाकरी यायची. नागलीची काळसर भाकरी आजी पातेल्याखाली झाकून ठेवायची, पाहुणे गेल्यावर घरच्यांनी खायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली अन्नघटकांचे तक्ते छापले, त्यात शंभर ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. गाईच्या दुधात 118. पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. म्हणजे पाहुणचाराच्या नावाखाली आजी वर्षानुवर्षं पाहुण्यांची हाडं ठिसूळ करत होती आणि घरच्यांची बळकट. हे तिला ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. काही पाहुण्यांच्या बाबतीत असावं, असा मला संशय आहे.

संयुक्त राष्ट्रांनी 2013 साल किनोआला दिलं आणि 2023 साल भरडधान्यांना. किनोआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून निघून डोलखांबच्या डोंगरपायथ्याच्या दुकानात आधी पोहोचला. दुकानाच्या मागच्या डोंगरावरची नागली दहा वर्षं उशिरा आली, तीही बिस्किटाच्या पुड्यात. आता पाहुणे आले की सून नागलीची बिस्किटं पुढे करते आणि मैद्याची पातेल्याखाली झाकते. डोंगराच्या पलीकडे, अकोले तालुक्यात, राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं मडक्या-डब्यांतून जपलं, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अलीकडच्या आमच्या बऱ्याच बायांनी आपापल्या माळ्यावरची मडकी खाली काढून बघितली. काहींत बियाणं होतं. एकीत नवऱ्याने लपवलेले पैसे निघाले आणि त्या घरी दोन दिवस नागलीचा विषय निघाला नाही.

पथ्यपाण्याच्या दोन-चार गोष्टी मात्र कामाच्या आहेत. पाल्यातलं लोह अंगी लागायला आंबटाची सोबत लागते, म्हणून भाजीवर लिंबू पिळावं. आमच्या बाया चिंच, काकड, अंबाडी घालतातच. नागलीला मोड आणून किंवा आंबील करून घेतली तर तिच्यातलं सत्त्व मोकळं होतं. बी-बारासाठी पाल्याच्या आशेवर राहू नये, ते त्यात नसतं. पण आगोटीला भरून ठेवलेली सुकट टाकळ्यात पडली की तीही उणीव थोडी भरून निघते. आणि जेवल्याजेवल्या चहा पिऊ नये, चहा लोह अडवतो. यातल्या पहिल्या गोष्टी शहापूर-मुरबाडात पाळल्या जातात. शेवटची कोणी पाळील असं वाटत नाही. चहा सोडायचा असेल तर लोह कशासाठी कमवायचं?

आपल्याकडे रानभाज्यांचा एक दिवस धर्मानेही राखून ठेवला आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागलेलं, परसातलं, रानातलं आपोआप आलेलं खायचं. एरवी फ्लॉवरशिवाय स्वयंपाक न करणारी घरं त्या दिवशी अळू, माठ, सुरण, अंबाडी शोधत फिरतात, आणि हल्ली सगळं चिरून पिशवीत बांधलेलंही मिळतं. गेल्या खेपेला आमच्या आळीत एका चिकित्सक काकांनी मुद्दा काढला. आता तालुक्यात बैल उरलेत किती? सगळी नांगरट ट्रॅक्टरने. म्हणजे शास्त्राप्रमाणे बघितलं तर कोबी, बटाटा, पॉलिश केलेला तांदूळ, सगळंच चालायला हरकत नाही. काकूंनी शांतपणे विचारलं, "मळणीला म्हसेच्या जत्रेतून आणलेली जोडी होती ना दत्तजयंतीपर्यंत?" काका म्हणाले, ती विकली. काकू म्हणाल्या, "मग घरात बैल राहिला तो एकच. त्याच्या कष्टाचं मी तसंही काही खाल्लेलं नाही." ऋषीची भाजी झाली. काकांनी दोनदा घेतली.

ऑगस्टच्या 9 तारखेला, जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे, गावोगावी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. चांगली गोष्ट आहे; त्यांच्यामुळे पाड्यावरच्या बायांच्या हातात पैसा येतो, आणि तरुण पोरींना आईकडून नावं शिकून घ्यावीशी वाटतात. मी पाहिलेल्या एका महोत्सवात टेबलावर पांढरं कापड, त्यावर परडीत भाजी, पुढे लॅटिन नावाची पाटी. टाकळा आपली पाटी बघून संकोचल्यासारखा बसला होता. प्रमुख पाहुण्यांची भाषणं पौष्टिकतेवर होती आणि लांबीच्या मानाने पौष्टिकही असतील, पण ती संपेपर्यंत भारंगीने मान टाकली, कवळ्याने अंग टाकलं, फक्त वास्ते तेवढे ताठ राहिले, कारण बांबूला सवय असते. मग पाहुण्यांचं जेवण झालं. पनीर होतं. जेवण वाढणाऱ्याला कोणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेबांना रिस्क नको."

विक्री मात्र तुफान झाली. दुपारपर्यंत परड्या रिकाम्या. एका ओळखीच्या बाईकडे मी कुर्डू घ्यायला गेलो तर शेवटचा वाटा शिल्लक होता. आमची ही बाई किन्हवलीच्या पलीकडच्या पाड्यावरची. पहाटे रानात, मग जीप, मग दिवसभर बाजारात. तिने मला कुर्डू कसा परतायचा ते नेहमीप्रमाणे सांगितलं: पाणी घालायचं नाही, कांदा जास्त, कोवळं तेवढंच खुडायचं. पैसे कनवटीला लावले. मग शेजारच्या गाळ्यावर जाऊन तिने पालकाच्या दोन जुड्या घेतल्या. बारक्या, सुकलेल्या, आणि भाव विचाराल तर तिच्या कुर्डूच्या दुप्पट.

"मावशी, पालक? तुम्ही?"

"सुनेला. सातवा लागलाय. रगात कमी हाये सांगलंय दवाखान्यात. म्हनले, हिरव्या पालेभाज्या खायाच्या."

"अहो, मग हा कुर्डू काय वाईट आहे? टाकळा आहे, घोळ आहे..."

"तसं म्या बी बोल्ली त्या बाईंना," ती म्हणाली. पालकाची जुडी झटकून पिशवीत कोंबली. "पन दादा, भिताडावर चित्र हाये ना लावलेलं. त्याच्यात पालकच हाये."